शेगडी

शेगडी : कोळसा किंवा तत्सम घन इंधन जाळून अन्न शिजविण्यासाठी, पाणी तापविण्यासाठी व थंडीत ऊब घेण्यासाठी वापरण्यात येणारे, बहुधा उचलून नेता येण्याजोगे उपकरण. चूल एका जागी बसविलेली असते व तीत लाकूड ज्वाला धरून जळते. शेगडीत ज्वालेपेक्षा निखाऱ्याचे काम अधिक असते. हाच दोहोंतील मुख्य फरक होय. संस्कृतमध्ये ‘अंगारधानिका’, ‘अंगारशकटी’, ‘हसन्ती’ असे शब्द या वस्तूसाठी आढळतात. मराठी ‘शेगडी’, गुजराती ‘सगडी’ व हिंदी ‘सिगडी’ या शब्दांचा संबंध ‘शकटी’ म्हणजे लहान गाडा या शब्दाशी जोडला जातो. शेकणे या क्रियापदाशी असलेले ध्वनिसाम्य मात्र लोकांच्या मनात इतके पक्के बसले आहे, की ‘शेक-शेगडी’ असा जोडशब्दच रूढ झाला.

महाराष्ट्रात घर तापविण्याचा असा स्वतंत्र हंगाम नसतो. यूरोपातील घरांत पूर्वी शरद ऋतूत पेटविलेली कोळशाची अंगीठी वसंतापर्यंत विझू देत नसत. तशी गरज येथे पडत नाही. तथापि विदर्भ, खानदेश व मराठवाडा यांच्या पठारी भागांत कार्तिकापासून माघापर्यंतच्या रात्री बऱ्याच थंड असतात. बुलढाणा जिल्हा हे याचे चांगले उदाहरण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हा भाग घाटावर, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद व संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश घाटाखाली येतो. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मी. उंचीवर असल्याने वऱ्हाडातील त्यातल्या त्यात थंड गावांत ते मोडते. उत्तरेकडून थंड व कोरडे वारे आले म्हणजे डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री तापमान १०° से.च्या आसपास किंवा त्याहूनही खाली उतरते. दुपार उबदार व पहाट गारठलेली, असा हा हिवाळा असल्याने अग्नीची गरज दिवसभर नसते. ती पहाटे व रात्री, एखाद्या खोलीपुरती किंवा एखाद्या माणसापुरती असते. फिरत्या शेगडीला येथे महत्त्व आले ते यामुळेच.

रचना व प्रकार : कोणत्याही शेगडीत तीन भाग असतात : निखारे राहतील असा वरचा कोठा, त्याच्या तळाची जाळी आणि जाळीखालचा राख पडण्याचा कप्पा. या कप्प्याला एका बाजूस तोंड ठेवलेले असते. राख बाहेर काढणे हा त्याचा दुय्यम उपयोग होय. मुख्य उपयोग हवा आत घेण्याचा. गरम वायू वर जाऊ लागले, की या तोंडातून थंड हवा आपोआप ओढली जाते व जाळीतून निखाऱ्यांना मिळते. तोंड अर्धे झाकले, की निखारे मंदावतात. भांडे टेकण्यासाठी कडेवर तीन उंचवटे केलेले असतात. चार केल्यास भांडे डगमगते, म्हणून ते तीनच असतात.

मातीची शेगडी कुंभाराकडे मिळे किंवा घरच्या घरी चिकणमाती, शेण व धान्याचा भुसा यांच्या मिश्रणाने करीत. ती तडकते, परंतु उष्णता बाहेर कमी जाऊ देते. लोखंडी शेगडी टिकाऊ, पण तिच्या बाजू तापून उष्णता वाया जाते. म्हणून तिला आतून मातीचे अस्तर देण्याची पद्धत पडली. जुनी बादली किंवा पत्र्याचा डबा घेऊन, मधोमध सळयांची जाळी बसवून व आतून लिंपून केलेली शेगडी गावोगाव दिसे. भुशाची शेगडी हा वेगळा प्रकार. पत्र्याच्या उभ्या डब्यात मधोमध एक दांडा उभा धरून व खालच्या भोकातून दुसरा आडवा घालून लाकडाचा भुसा ठासून भरतात. मग दोन्ही दांडे अलगद काढून घेतात. भुशात जो कोनाकृती बोगदा उरतो त्यात खालून पेटवले, की भुसा आतून बाहेर असा सावकाश जळत जातो व काही तास आच पुरते. भुसा नीट ठासला नसेल तर मात्र तो मध्येच ढासळतो, शेगडी विझते आणि खोली धुराने भरते. सोनाराच्या लहान शेगडीला ‘बागेसरी’ असे नाव आहे. चांदीच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध असलेल्या खामगावात हा शब्द अर्थातच परिचयाचा.

इंधन : शेगडीत मुख्यतः लोणारी कोळसा वापरतात. लाकूड कोंडून, हवा अगदी कमी देऊन, साधारण ४००° ते ५००° से. तापमानापर्यंत तापविले असता त्यातील पाणी व बाष्पनशील द्रव्ये निघून जातात व बराचसा कार्बन मागे राहतो. मातीने लिंपलेल्या देशी भट्टीत लाकडाच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकाच कोळसा हाती येतो. हा व्यवसाय परंपरेने करणारे ते लोणारी. बाभूळ, धावडा, खैर यांचा कोळसा जड व दीर्घकाळ जळणारा असतो. हलक्या लाकडाचा कोळसा लवकर पेटतो व लवकर संपतो. चांगल्या लोणारी कोळशाचे उष्णतामूल्य दर किग्रॅ.ला सुमारे ७,००० किलोकॅलरी, म्हणजे वाळलेल्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट असते.

बुलढाणा जिल्हा दख्खनच्या बेसाल्ट खडकांवर व पूर्णेच्या गाळावर वसलेला असल्याने येथे दगडी कोळसा सापडत नाही. विदर्भातील कोळशाच्या खाणी नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांत आहेत. येथे तो आला तो रेल्वेने. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब व शेगाव या स्थानकांवरून जातो, आणि जलंबहून खामगावला फाटा काढण्यात आला तो तेथील कापसासाठी. वाफेच्या एंजिनांच्या काळात एंजिनातून टाकलेल्या राखेतील अर्धवट जळालेले तुकडे वेचून शेगडीसाठी वापरणे वा विकणे, हा लोहमार्गालगतच्या गावांतील गरिबांचा एक आधार असे. त्यातील बाष्पनशील द्रव्य आधीच जळून गेलेले असल्याने हे तुकडे पेटायला हट्टी, पण धूर न करणारे असत.

खेड्यांतील बहुसंख्य घरांत मात्र कोळसा ही विकत घ्यावयाची, म्हणून जपून वापरावयाची वस्तू होती. कापसाची वेचणी संपल्यावर उपटलेली पऱ्हाटी, तुरीच्या तुराट्या व शेणाच्या गोवऱ्या हे तेथील खरे इंधन होय. चुलीत पऱ्हाटी जाळावयाची, तिचे निखारे चिमट्याने शेगडीत काढावयाचे व त्यावर मूठभर कोळसा पसरावयाचा, अशी काटकसर सर्रास चाले.

पेटविण्याची रीत : हिवाळ्याच्या तोंडी शेगडी माळ्यावरून खाली येते तेव्हा तिची डागडुजी प्रथम करावी लागते. गंजलेल्या सळया बदलणे, अस्तराच्या भेगा ओल्या मातीने बुजविणे व ते अस्तर दोन-तीन दिवस सावलीत वाळू देणे आवश्यक असते. ओल्या अस्तराची शेगडी थेट पेटविल्यास आतील पाण्याची वाफ होऊन माती फुटते व तिचे कपचे उडतात. पावसाळ्यात दमट झालेला कोळसाही उन्हात वाळवून घेणे इष्ट. ओला कोळसा तडतडतो व त्याच्या ठिणग्या उडतात.

शेगडी अंगणात किंवा ओट्यावर, तिचे तोंड वाऱ्याकडे करून ठेवतात. आदली राख काढून जाळी मोकळी केल्यावर तळाशी लवकर पेट घेणारे काही तरी, म्हणजे तुराटीचे तुकडे, नारळाची शेंडी, करवंटी किंवा गोवरीचा तुकडा ठेवतात. त्यावर सुपारीएवढे कोळसे सैल रचतात. कोळशाची भुकटी वर टाकू नये, कारण ती फटी बुजवून हवा अडविते. तळाशी पेटवून तोंडाशी पुठ्ठ्याने किंवा पंख्याने वारा घालतात. फुंकणी चुलीला ठीक, शेगडीला वारा हवा तो खालून. पहिली काही मिनिटे दाट धूर येतो. तो पांढुरका होत विरळ झाला, की कोळशाच्या कडा लाल दिसू लागतात. पंधरा-वीस मिनिटांत मधला थर धगधगू लागला, म्हणजे मोठे कोळसे वर घालतात. दगडी कोळशाला याहून बराच वेळ लागतो व त्याचा गंधकयुक्त धूर डोळ्यांना झोंबतो. त्यामुळे तशी शेगडी दाराबाहेर पूर्ण फुलल्याशिवाय आत नेत नसत. पेटत नाही म्हणून फुललेल्या शेगडीवर रॉकेल ओतणे अत्यंत धोक्याचे असते. तापलेल्या निखाऱ्यावर रॉकेलाची तत्काळ वाफ होते, आणि तिने पेट घेतला, की भडका ओतणाऱ्याच्या हातापर्यंत येतो.

विस्तव रात्रभर राखावयाचा असेल, तर निखारे एकत्र करून त्यांवर राखेचा थर देतात. पहाटे राख बाजूला केली, की खाली लाल निखारा मिळतो. काड्यापेटी महाग असताना शेजारच्या घरून विस्तव मागून आणीत तो अशाच राखलेल्या शेगडीतून किंवा चुलीतून.

शेगडीतील ज्वलन : फुललेल्या निखाऱ्याचे तापमान साधारणतः ७००° ते ९००° से. असते. तळाशी भरपूर हवा मिळते तेथे कार्बनाचे कार्बन डाय-ऑक्साइड होते. हा वायू निखाऱ्यांच्या जाड थरातून वर चढताना तापलेल्या कार्बनाशी त्याची पुन्हा विक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होते. थराच्या वर पुरेशी हवा व उष्णता असल्यास हा वायू निळसर ज्वालेने जळून जातो. निखाऱ्यांवर नाचणाऱ्या निळ्या ज्वाला दिसतात त्या याच. वरचा थर थंड असेल, नवा कोळसा नुकताच घातला असेल किंवा निखारे राखेखाली घुसमटत असतील, तर ही ज्वाला लागत नाही व कार्बन मोनॉक्साइड तसेच खोलीत पसरते. शेगडीची ऊब मुख्यत्वे प्रारणाने मिळते. म्हणून तिच्यासमोर बसणाऱ्याचे तोंड भाजते व पाठ गारच राहते. हवा तापवून सर्व खोली उबदार करावयाची तर दारे-खिडक्या लावाव्या लागतात, आणि धोक्याला सुरुवात होते ती तेथून.

बंब : पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब ही शेगडीचीच एक सुधारलेली जात म्हणता येईल. उभट गोल भांड्याच्या मधून एक नळी वर गेलेली असते. तिच्या तळाशी जाळी असते. नळीत कोळसे, गोवरीचे तुकडे वा करवंट्या टाकून पेटविले, की भोवतीचे पाणी तापते. वरून थंड पाणी ओतले, की तोटीतून गरम पाणी मिळते. नळी धुराड्याचे काम करीत असल्याने बंब शेगडीपेक्षा जोमाने जळतो व त्याची उष्णता चोहोबाजूंनी पाण्यालाच मिळते. शहरांतील व मोठ्या गावांतील घरांत नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाआधी चिंचेने घासून लख्ख केलेला बंब अंगणात किंवा न्हाणीघरात मांडीत, आणि तेथून हिवाळाभर तो रोज पहाटे पेटे. मराठी घरातील ‘तापविण्याच्या हंगामाचा’ आरंभ शोधावयाचाच झाला, तर तो या पहाटेत शोधावा लागेल. शेतावर मात्र थंडीचे दिवस म्हणजे शेकोटीचे व ज्वारीचा हुरडा भाजण्याच्या आगटीचे. ही दोन्ही आकाशाखाली पेटत असल्याने त्यांचा धूर कोणाच्या जिवावर उठत नाही.

बाळंतिणीची शेगडी : शेगडीचा सर्वांत जपून व त्याच वेळी सर्वांत धोकादायक रीतीने होणारा उपयोग म्हणजे बाळंतीण व नवजात अर्भक यांना दिला जाणारा शेक. बाळंतिणीची खोली वारा लागू नये म्हणून बंदिस्त ठेवीत. तेलाने चोळून न्हाऊ घातल्यावर तिला बाजेवर निजवून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवीत. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाच्या साली टाकून धुरी देत व बाळालाही ती दाखवीत. दमलेल्या शरीराला उष्णतेने आराम वाटतो यात शंका नाही, आणि सुईणी व घरातील वडीलधाऱ्या बायकांच्या मायेचा तो भाग होता हेही खरे. परंतु वारा नसलेली खोली, मंद निखारे, अंथरुणाला खिळलेली स्त्री आणि काही दिवसांचे मूल हे सर्व एकत्र आले, की विषबाधेला लागणारी सर्व सामग्री तेथे जमते. अर्भकाच्या रक्तातील गर्भावस्थेपासूनचे हीमोग्लोबिन कार्बन मोनॉक्साइड अधिक घट्ट धरून ठेवते, व बाळ आपला त्रास सांगू शकत नाही. त्याचे सुस्त पडणे हे शेकाने लागलेली गाढ झोप समजले जाण्याचा संभव असतो. भाजण्याचा व बाजेवरील कपडे पेटण्याचा धोका वेगळाच. बाळाला ऊब देण्यासाठी आईच्या उघड्या छातीशी धरून दोघांवर पांघरूण घालणे, ही आता रुग्णालयांतून शिकविली जाणारी पद्धत याहून सोपी व निर्धोक आहे. शेक द्यावयाचाच असेल तर निखारे बाहेर ठेवून तेथे तापविलेल्या कापडाने तो देता येतो.

विषबाधा : कार्बन मोनॉक्साइडाला रंग, वास किंवा चव नसते. धूर गेला म्हणजे शेगडी आत नेण्यास निर्धोक झाली, ही समजूत सर्वत्र रूढ असली तरी चुकीची आहे. धूर जातो तो कोळशातील बाष्पनशील द्रव्यांचा, विषारी वायू निखारा विझेपर्यंत निघतच असतो. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांनी १८५७ मध्ये या वायूचा परिणाम रक्तातील तांबड्या द्रव्यावर होतो हे दाखवून दिले. हीमोग्लोबिन ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूशी संयोग पावते. परिणामी रक्त वाहत असूनही मेंदू व हृदय यांना ऑक्सिजन मिळत नाही.

धोका किती लवकर येतो याचा ढोबळ हिशेब करता येतो. लोणारी कोळशात सुमारे तीन-चतुर्थांश कार्बन धरला, तर १०० ग्रॅ. कोळशात ७५ ग्रॅ. कार्बन असेल. त्याचा केवळ दशांश अपुऱ्या ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड झाला, तर सु. १७·५ ग्रॅ. वायू तयार होईल. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी ३ मी. असलेल्या पूर्ण बंद खोलीत तो पसरला, तर दर घन मी. हवेत जवळजवळ ६५० मिग्रॅ. वायू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी एका तासाची मर्यादा ३५ मिग्रॅ. ठरविली आहे. म्हणजे ओंजळभर कोळशाने ती अठरापटींहून अधिक ओलांडली जाते. कौलांच्या व कुडाच्या जुन्या घरांत फटींतून हवा खेळत असल्याने प्रत्यक्षात प्रमाण इतके चढत नसे. स्लॅबचे छप्पर, घट्ट बसणारी दारे व काचेच्या खिडक्या आल्यावर मात्र तीच शेगडी पूर्वीपेक्षा घातक झाली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

प्रारंभी डोके दुखते, गरगरते, मळमळते व ग्लानी येते. थंडीने किंवा जागरणाने असे होत असावे, असे वाटून माणूस पडून राहतो. पुढे धोका कळला तरी उठून दार उघडण्याचे बळ उरत नाही. एकाच खोलीतील अनेकांना एकाच वेळी ही लक्षणे दिसणे ही महत्त्वाची खूण होय. अशा वेळी दारे-खिडक्या उघडून रुग्णाला प्रथम मोकळ्या हवेत न्यावे. शेगडी विझविण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा व ताबडतोब रुग्णालय गाठावे. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर येण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिल्यास ते तासा-दीड तासात होते. शुद्धीवर आलेल्या माणसातही काही दिवसांनी विस्मरण किंवा गोंधळलेपणा दिसू शकतो. बंद न्हाणीघरात बंबाने होणारे अपघात याच जातीचे असत. आता त्या जागी बसविलेल्या गॅसच्या गीझरमुळेही, वायुवीजन नसल्यास, तसेच मृत्यू ओढवतात.

झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर काढणे हाच यावरचा खात्रीचा उपाय आहे. एखादी खिडकी किलकिली ठेवणे किंवा शेगडीजवळ पाण्याचे भांडे ठेवणे पुरते, असे मानले जाते. पण पाण्यात कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे भांड्याचा काहीएक उपयोग होत नाही.

अन्यत्र : काश्मीरमधील ‘कांगडी’ म्हणजे वेताच्या विणीत बसविलेले निखाऱ्यांचे मातीचे भांडे, ते फेरनाच्या आत पोटाशी धरतात. वर्षानुवर्षे त्या जागी उष्णता लागून होणारा त्वचेचा कर्करोग वैद्यकात कांगडीच्याच नावाने ओळखला जातो. जपानमध्ये ‘हिबाची’ या राख भरलेल्या भांड्यात कोळसे ठेवून हात शेकीत. यूरोप व अमेरिकेत धुराड्याला जोडलेल्या बंद लोखंडी अंगीठ्या प्रचारात आल्या. बेंजामिन फ्रँक्लिन यांनी १७४० च्या दशकात केलेली अंगीठी प्रसिद्ध आहे. अशी अंगीठी हंगामात प्रथम पेटविताना धुराड्यातील काजळी व पक्ष्यांची घरटी काढावी लागतात. नंतर कागद व बारीक लाकूड जाळून थंड धुराडे आधी तापवितात. तसे न केल्यास वायू वर न चढता खोलीत परततात. लाकडाचे निखारे झाल्यावर कोळशाचा पातळ थर देतात व तो धरल्याशिवाय दुसरा देत नाहीत. या खबरदारीतील चूक किती महाग पडते याचे सर्वपरिचित उदाहरण फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचे आहे. गावाकडून पॅरिसच्या घरी परतल्यावर थंडी वाटल्याने शयनगृहात कोळसा पेटविण्यात आला. धुराडे तुंबलेले होते. २९ सप्टेंबर १९०२ रोजी सकाळी झोला मृतावस्थेत सापडले, त्यांच्या पत्नी वाचल्या. धुराडे मुद्दाम बुजविले गेले असावे, असा संशयही पुढे व्यक्त झाला.

सद्यःस्थिती : रॉकेलच्या स्टोव्हमुळे व त्यानंतर गॅसमुळे शहरांतील स्वयंपाकघरांतून शेगडी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू बाहेर पडली. वाफेची एंजिने बंद झाल्यावर लोहमार्गालगतचा स्वस्त कोळसाही संपला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे खेड्यांत गॅसच्या जोडण्या पोहोचल्या. तथापि पऱ्हाटी फुकट मिळते व सिलिंडर भरून घेण्यास पैसे लागतात, त्यामुळे चूल पुष्कळ घरांत गॅसशेजारी टिकून आहे. कोळशाच्या शेगडीचा वापर कणसे भाजणारे, कोळशाच्या इस्त्रीने कपडे करणारे व लहान खानावळी यांच्याकडे उरला आहे, आणि थंडीच्या लाटेत ती अजूनही माळ्यावरून खाली काढली जाते. लोणारी कोळशाची व गोवऱ्यांची राख भांडी घासण्यास व कडधान्याला कीड लागू नये म्हणून त्यात मिसळण्यास उपयोगी पडते. दगडी कोळशाची राख खरखरीत असून तिच्यात खड्यांचे प्रमाण बरेच असल्याने ती या कामी चालत नाही. राख टोपलीत भरण्यापूर्वी ती पूर्ण निवली आहे याची खात्री करावी लागते, कारण राखेत दडलेला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत राहू शकतो.